अनागोंदी नावाचे गाव

"आमच्या गावाचा कारभार तुम्ही कधी येऊन पाहिलात, सर?" हा प्रश्न मला वीसेक वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने कानडीत विचारला होता. बेळगावातील एका महाविद्यालयात मी तेव्हा हिशेबशास्त्र शिकवत होतो आणि हे गृहस्थ गंगावतीकडून नुकतेच बदलून आले होते. हिंदीमुळे त्यांना देवनागरी वाचता येत असे. स्टाफरूममधील टेबलावर पडलेल्या मराठी वर्तमानपत्राचा मथळा त्यांनी एकेक अक्षर जुळवत वाचला, 'अनागोंदी कारभार' या दोन शब्दांशी ते थांबले आणि मग माझ्याकडे वळले. मथळ्यात आपल्या तालुक्याची काही बातमी आहे असे त्यांना प्रथम वाटले होते. तसे काही नसून मराठीत या शब्दाचा अर्थ बेहिशेबी, ढिसाळ व्यवस्था असा होतो, हे मी सांगितले तेव्हा ते हसले, पण ते हसू पूर्णपणे खेळीमेळीचे नव्हते.

त्या दिवसापर्यंत मीही या शब्दाकडे नीट पाहिले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. माझे अनेक विद्यार्थी तर त्यातील 'अ' हा नकारार्थी समजत आणि 'अराजक', 'अव्यवस्था' यांच्या पंक्तीला हा शब्द बसवत. एका मुलाने मला, "सर, मग नागोंदी म्हणजे चांगला कारभार काय ओ?" असे गंभीरपणे विचारले होते. त्याचा तर्क चुकीचा होता, पण शिकलेल्या माणसांच्या मनातही हा तर्क नकळत असतोच.

वास्तविक हे एक गाव आहे. कानडीत आनेगुंदी किंवा आनेगोंदी. 'आने' म्हणजे हत्ती आणि 'गुंदी' म्हणजे खड्डा. कोप्पळ जिल्ह्यातील गंगावती तालुक्यात, तुंगभद्रेच्या उत्तर तीरावर ते वसलेले असून नदीच्या पलीकडे हंपी आहे. विजयनगरच्या राज्याचा आरंभ १३३६ मध्ये झाला असे मानले जाते आणि त्या आरंभाशी आनेगोंदीचे नाव जोडलेले आहे. २३ जानेवारी १५६५ रोजी झालेल्या लढाईत, जिला आपण तालिकोटची लढाई म्हणतो, दख्खनच्या सुलतानांच्या एकत्रित फौजांनी विजयनगरचा पराभव केला, राजधानी पुढे पेनुकोंड्याला हलली आणि तुंगभद्रेकाठचे ते नगर पुन्हा उभे राहिले नाही. राजघराण्यातील वंशज मात्र पुढच्या शतकांत आनेगोंदीला एका लहानशा जहागिरीवर राहिले.

शब्दाची गोष्ट इथे सुरू होते. परंपरेने दिले जाणारे स्पष्टीकरण असे की, राज्य गेल्यावरही आनेगोंदीच्या दरबारात रोजची कीर्द लिहिली जात असे आणि ती जहागिरीची नसे, तर गेलेल्या साऱ्या राज्याची असे. अमुक प्रांतातून इतके लाख जमा, अमुक फौजेवर इतके लाख खर्च, आणि दिवसाअखेर शिल्लक शून्य. जमाही कागदावर आणि खर्चही कागदावर. ही कथा जशीच्या तशी घडली असे मी म्हणणार नाही. शेजारच्या थोर घराण्याच्या पडत्या काळाची टवाळी करण्याची हौस कोणत्या मुलखाला नसते? अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा तुंगभद्रेपर्यंत आणि तिच्याही पलीकडे वारंवार जात होत्या, थोरल्या माधवरावांच्या हैदरावरील मोहिमा याच प्रदेशातून झाल्या, आणि फौजेबरोबर जाणाऱ्या कारकुनांना दुसऱ्याच्या दप्तरातील विसंगती फार लवकर दिसते. अशा एखाद्या कारकुनाच्या तोंडून हा शब्द मराठीत आला असावा, अशी कल्पना करायला मला आवडते.

कथा खरी असो वा रचलेली, तिने शब्दाला एक नेमका अर्थ दिला आहे आणि तो अर्थ आपण हल्ली गमावत चाललो आहोत, ही माझी तक्रार आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते, त्यालाही लोक अनागोंदी म्हणतात. तो गोंधळ आहे, गर्दी आहे, फार तर बेशिस्त आहे. 'अंदाधुंदी' या शब्दाशी असलेल्या नादसाम्यामुळे ही ओढ निर्माण झाली असावी असे मला वाटते, कारण दोन्ही शब्दांच्या मागे 'माजली' हे एकच क्रियापद लागते आणि कानाला दोन्ही सारखेच लागतात.

संपत्तीच्या हेळसांडीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही, पण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. मे महिन्यात बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेलेली असताना कोणी नळाला पाइप लावून अंगण धूत असेल, तर ती पाण्याची नासाडी. बापाने राखलेले बासमतीचे शेत विकून मुलाने लग्नाच्या वरातीवर पैसा ओतला, तर ती उधळपट्टी. गोदामाचे पत्रे गळत आहेत हे ठाऊक असूनही पावसाळ्याआधी ते कोणी बदलले नाहीत, तर ती हयगय. पोत्यांची नोंद मुद्दाम कमी करून फरक खिशात घातला, तर ती अफरातफर, आणि तिथे दोष हेतूचा असतो, हलगर्जीपणाचा नव्हे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आधी काहीतरी असावे लागते. पाणी असावे लागते, शेत असावे लागते, पोती असावी लागतात. अनागोंदीला मात्र काहीच असावे लागत नाही, उलट जे नाही त्याचाच खर्च करण्याची ती रीत आहे, आणि म्हणून ती वरून पाहणाऱ्याला बहुधा अत्यंत व्यवस्थित दिसते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. खानापूर तालुक्यातील माझ्या आजोळी कित्येक वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा भरणार होती. यात्रेला दीड महिना उरला असताना मामेभावाचा फोन आला, "दादा, हिशेब एकदा बघून जा की. पुस्तकात पैसे हाईत, पेटीत न्हाईत." मी गेलो. समितीचे पुस्तक पाहून मी थक्क झालो. इतके स्वच्छ अक्षर, इतके सरळ रकाने माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने काढले नव्हते. मुंबई, पुणे आणि गोव्यात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी फोनवर जी वर्गणी जाहीर केली, ती जाहीर झाल्याच्या दिवशीच जमेच्या बाजूला चढवली होती. त्या जमेवर विसंबून मंडपाचा करार झाला होता, रथाच्या दुरुस्तीला सुतार बसला होता आणि महाप्रसादाचा तांदूळ सांगून ठेवला होता. जाहीर रकमेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा हातात आला होता. कोणी एक पैसाही खाल्ला नव्हता, हे मी दोन दिवस बसून तपासले आणि शपथेवर सांगू शकतो. खजिनदार तर स्वतःच्या खिशातून चहा पाजत होते.

हिशेबशास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवला जाणारा एक संकेत आहे: संभाव्य तोटा आधीच धरावा, पण हाती न आलेला नफा जमेस धरू नये. मी तो खजिनदारांना सांगितला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अहो, आपलीच माणसं हाईत. सांगितलंय म्हणजे देणार की." माणसांवरील विश्वास आणि पेटीतील रोकड ही दोन वेगळी खाती आहेत, हे त्यांना पटवायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. शेवटी आम्ही 'येणे' नावाची स्वतंत्र वही घातली, मंडप निम्म्यावर आणला आणि यात्रा पार पडली. रथ मात्र रंगाविनाच ओढला गेला आणि त्यावरून अजूनही टोमणे बसतात.

यात्रेनंतरच्या हिवाळ्यात मी हुबळी, गदग, कोप्पळ करत आनेगोंदी गाठले. सहकाऱ्याचे जुने आव्हान मनात होतेच. गावात रंगनाथाचे देऊळ आहे, गगनमहाल आहे, जवळच अंजनाद्रीचा डोंगर आहे आणि नदीतील बेटावर नवबृंदावन आहे. माझे लक्ष मात्र पाण्याकडे गेले. विजयनगरच्या राजवटीत काढलेले कालवे या परिसरात आजही वाहतात, पलीकडे हंपीच्या बाजूचा तुर्तू कालवाही त्यांतलाच, आणि त्यांच्यावर भात आणि केळी उभी आहेत. नदीवर बंधारा घालून, खडकांना वळसे देत, उतार राखत नेलेले हे पाणी पाचएक शतके शेतापर्यंत पोहोचते आहे. गावातील बायका केळीच्या खुंटाच्या सोपटांपासून धागा काढून दोर वळतात आणि त्याच्या पिशव्या, टोपल्या विणतात. घड उतरल्यावर जे खोड आपल्याकडे बांधावर कुजते, ते तिथे विकले जाते. ज्या गावाचे नाव आपण बेजबाबदार कारभाराला दिले, त्या गावात टाकाऊ सोपटाचाही हिशेब लागतो, हे पाहून मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

'पानिपत झाले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात आपले स्वतःचे दुःख असते. अनागोंदी म्हणताना आपण दुसऱ्याच्या दुःखाला हसत असतो आणि त्याचा आपल्याला पत्ताही नसतो. तरी हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणत नाही, कारण त्याची जागा घेणारा दुसरा शब्द माझ्यापाशी नाही.

परत आल्यावर मी त्या सहकाऱ्यांना फोन केला. ते आता निवृत्त होऊन गंगावतीतच राहतात. उधळपट्टीला कानडीत 'दुंदुवेच्च' म्हणतात हे मला ठाऊक होते, पण नसलेल्या पैशाच्या नेटक्या जमाखर्चाला काय म्हणाल, असे मी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला एक शब्द नाही, सर. तुमचाच घ्यावा लागेल. फक्त गाव दुसरं सुचवा."