आमची वाटचाल : आठ व्होल्टांचा हिशेब

आमचं दुकान मूळचं कूलरचं. नागपुरात मानेवाडा रोडला दहा बाय बाराचा गाळा, दारात पत्र्याचे कूलर उलटे टाकलेले, आत मोटार रिवायंडिंगचं टेबल. मार्च ते जून डोकं वर काढायला फुरसत नाही आणि मिरग लागला की चार महिने गल्ला रिकामा. त्या रिकाम्या महिन्यांत यूपीएस दुरुस्त करायला लागलो. इन्व्हर्टरची कार्डं उघडायची सवय तिथे लागली. मग एका ठेकेदाराच्या हाताखाली सोलरच्या तारा ओढता ओढता आम्हीच सोलर लावायला लागलो. ठरवून काहीच केलं नाही. हिशेब बायको बघायची, अजूनही तीच बघते, आणि या धंद्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तिनंच विचारला. त्याची गोष्ट पुढे येईलच.

पहिल्या वर्षी सात घरं केली. सातव्या घरानं शहाणं केलं.

बेसा भागातलं घर. तिथल्या डीसी बॉक्समध्ये, म्हणजे पॅनलच्या तारा येतात त्या डब्यात, मी साधा, घरातल्या बोर्डात असतो तो एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) बसवला होता. डीसीचा बाजारात मिळत नव्हता असं नाही, महाग होता एवढंच. घरमालकानं पॅनल धुवायचे म्हणून भर दुपारी तो खटका खाली केला. खटका खाली आला, पण आतली ठिणगी विझलीच नाही. घरातली वीज एसी असते, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्या क्षणी ठिणगी मरते. पॅनलची वीज डीसी, ती शून्यावर येतच नाही. तिची ठिणगी ओढून तोडायला खास बनावटीचा खटका लागतो, आणि त्यातही काहींना प्लस-मायनसची दिशा ठरलेली असते, उलटी जोडली तर तोही फसतो. बॉक्स वितळला, भिंत काळी पडली. माणसाला काही झालं नाही, हे आमचं नशीब. भिंत रंगवून दिली, बॉक्स नवा दिला, त्या घरात कमावलं त्याच्या दुप्पट घालवलं. त्यानंतर महिनाभर मी नवीन काम घेतलं नाही. जुन्या सहाही घरांचे खटके बदलले, ग्राहकाकडून एक रुपया न घेता. बायकोनं त्या खर्चाला वहीत ‘शिकवणी’ असं नाव दिलं.

तेव्हापासून आमचं लक्ष पॅनलवरून सुरक्षेच्या यंत्रांकडे वळलं. पॅनल तसा गरीब जीव, वर्षानुवर्षं पडून असतो. फोन येतात ते कशानं तरी संच बंद केला म्हणून. “भाऊ, काल तं चालू होतं, आज बंद पडून राहिलं.” आणि बऱ्याच वेळा आमच्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं. आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळली की पडणारा खटका, पडतो म्हणून त्याच्या वरून खाली तार टाकून तो ‘दुरुस्त’ केलेला असतो. अशी तार दिसली की आम्ही आधी ती काढतो, मग बोलतो. त्यावरून दोन-तीन ग्राहक गेले. जाऊ दिले.

उन्हाळ्याची तक्रार वेगळी, पावसाळ्याची वेगळी. मे महिन्यात दुपारी बारा ते तीन एमसीबी पडतो, संध्याकाळी उचलला की राहतो. पॅनलच्या डीसीची घरासाठी एसी करणारा तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर भर उन्हात तेरा अँपियर देतो, खटका सोळाचा, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण घरगुती एमसीबीचा आकडा साधारण ३० अंशांना धरून ठरवलेला असतो. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या डब्यात, मे अखेरच्या नवतपात आत किती होत असेल? तिथे सोळाचा खटका सोळाचा राहत नाही. डबा सावलीत आणायचा, तार जाड असेल तर खटका वीसचा करायचा, आणि स्क्रू आवळायचे. निम्म्या वेळा नुसता ढिला स्क्रूच गरम होत असतो. आकड्यांवर आंधळा विश्वास नको, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको: मे २०२४ च्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. नंतर हवामान खात्यानं सेन्सर चुकल्याचं सांगितलं. आम्ही तेव्हा शिडीवर होतो, ५६ ची बातमी आम्हाला तरी खोटी वाटली नाही!

पावसाळ्यात सकाळी संच सुरूच होत नाही आणि अकरा-बाराला आपोआप चालू होतो. लोक म्हणतात इन्व्हर्टर आळशी झाला. खरं म्हणजे तो रोज सकाळी जोडणी करण्याआधी पॅनलच्या तारा आणि जमीन यांच्यातला रोध तपासतो. रात्रीचं पाणी एखाद्या कनेक्टरात शिरलं असेल, किंवा खारीनं तार कुरतडली असेल, तर रोध घसरतो आणि तो नकार देतो. ऊन पडलं, सुकलं, की होकार. आता आठ पॅनलांत गळती कुठे आहे ते कसं शोधायचं? पूर्वी आम्ही एकेक कनेक्टर उघडायचो, दिवस जायचा. आता इन्व्हर्टर बंद करून, डीसी आयसोलेटर (पॅनल इन्व्हर्टरपासून तोडणारा स्विच) पाडून, मीटरनं दोन मापं घेतो. समजा एकूण ३२० व्होल्ट आहेत, म्हणजे पॅनलमागे ४०. प्लस आणि अर्थिंगमध्ये १२० आले, मायनस आणि अर्थिंगमध्ये २००. १२० म्हणजे तीन पॅनल. प्लसकडून मोजत तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलच्या मधल्या जोडणीवर जायचं, तिथेच बहुधा हिरवट पडलेला कनेक्टर हातात येतो. गळती एकाच जागी असेल तरच हे गणित जमतं. दोन जागी असेल तर मेगर (तारेचा जमिनीशी रोध मोजायचं यंत्र) काढावा लागतो आणि डबाही तिथेच खावा लागतो.

आता बायकोच्या त्या प्रश्नाची गोष्ट.

त्रिमूर्ती नगरात एक निवृत्त गुरुजी राहतात. मुलगा अमेरिकेत. त्यानं तिकडून बजावलं, “बाबा, रॅपिड शटडाऊन असल्याशिवाय पॅनल चढवू देऊ नका.” रॅपिड शटडाऊन म्हणजे संच बंद करताच छपरावरच्या तारांतलं व्होल्टेजही झटकन उतरवणारी सोय. तिकडे घराच्या छपरावरच्या सोलरला हे लागतंच असं समजा. त्यांच्या विजेच्या नियमावलीत २०१४ साली ते आलं आणि २०१७ च्या आवृत्तीत कडक झालं: बंद केल्यापासून ३० सेकंदांत पॅनलच्या भागाबाहेरच्या तारा ३० व्होल्टपर्यंत आणि आतल्या ८० व्होल्टपर्यंत खाली आल्या पाहिजेत. कारण आगीच्या वेळी मेन स्विच पाडला तरी उन्हातले पॅनल जिवंतच राहतात, आणि पाण्याचा पाइप घेऊन छपरावर चढणाऱ्या जवानाला ते दिसत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांवर हे नसतं. आम्ही तोवर एकदाही बसवलं नव्हतं. मागवलं, पत्रक वाचलं, बसवलं.

प्रत्येक पॅनलमागे तळहाताएवढं एक यंत्र. खाली इन्व्हर्टरजवळ एक ट्रान्समीटर. तो पॅनलच्याच तारांतून सतत एक बारीक सिग्नल पाठवत राहतो: चालू राहा, चालू राहा. ‘बंद हो’ असा हुकूम नसतोच. चालू राहा म्हणणारा गप्प झाला की सगळी यंत्रं आपापला पॅनल एखाद्या व्होल्टवर आणून ठेवतात. लाइट गेली, ट्रान्समीटर गप्प, पॅनल गप्प. मला हे फार आवडलं होतं. पहिलं वर्ष सुरळीत गेलं.

जूनच्या अखेरीस गुरुजींचा फोन आला. “काय भाऊ, सोलर झोपून राहिलं तुमचं.” गेलो. इन्व्हर्टरला एसी येतेय, पडद्यावर डीसी जवळपास शून्य. ३२० हवे तिथे मीटरवर आठ व्होल्ट. मी म्हटलं कनेक्टर जळाला. दोन पॅनल उचलले, काही नाही. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, एका पॅनलमागचं यंत्र बदललं, तरी आठच. गुरुजी म्हणाले, “तुमच्यानं होत नसन तं सांगून द्या, रागावणार नाही.” त्या वाक्यानं जास्त लागलं. ट्रान्समीटरकडे माझं लक्षच गेलं नाही, कारण तो आम्हीच बसवला होता आणि आपल्या हातच्या कामावर माणूस संशय घेत नाही.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती भाजी वाढता वाढता म्हणाली, “आठ पॅनल आणि आठच व्होल्ट? बरोब्बर आठ?”

हातातला घास तसाच राहिला. जळालेल्या तारेवर व्होल्ट असे मोजून येत नाहीत. आठ व्होल्ट म्हणजे आठही यंत्रं धडधाकट होती आणि हजेरी देत होती, एकेक व्होल्टची. त्यांना कुणी ‘चालू राहा’ म्हणत नव्हतं, इतकंच. दुसऱ्या दिवशी ट्रान्समीटरचा डबा उघडला. दिवा बंद. त्याला पुरवठाच नव्हता. आमच्या पोट्ट्यानं तार वाचवायला जवळच्या कूलरच्या लाइनवरून त्याची वायर घेतली होती. मिरग लागला, गुरुजींनी कूलर काढला, झाकून ठेवला आणि शिस्तीचा माणूस, त्याचा एमसीबीही खाली केला. “कूलरच नाही तं खटका कायले चालू ठेवा?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आयुष्यभर कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसाला कूलरच्या खटक्यानं तीन चकरा मारायला लावल्या.

ट्रान्समीटरचा पुरवठा इन्व्हर्टरच्याच एसी बॉक्समधून घेतला, म्हणजे दोघं एकत्र उठतील, एकत्र झोपतील. तिन्ही चकरांचे पैसे घेतले नाहीत. पोट्ट्याला रागावलो नाही, कारण तपासून सही मी केली होती.

त्यानंतर अशी आणखी घरं आली. काही आमची, काही दुसऱ्यांनी लावलेली. एका ठिकाणी ट्रान्समीटरच्या रिंगमधून, म्हणजे ज्या कड्यातून तो तारेत सिग्नल सोडतो त्यातून, प्लस आणि मायनस दोन्ही तारा ओवल्या होत्या. रिंगमधून एकच तार जायला हवी, दोन्ही गेल्या की सिग्नल एकमेकांना खाऊन टाकतो. दुसऱ्या एका घरी आठाऐवजी सात व्होल्ट आले, आणि ते ऐकून बायको फोनवरच म्हणाली, “एक गैरहजर.” कोणता, ते संच चालू असताना दुपारी कळतं: जो पॅनल वीज देत नाही तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापतो. सगळ्यांवरून तापमानाची बंदूक फिरवायची.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान, आणि गल्लीगल्लीत सोलर लावणारे झाले. भाव इतके पडले की चांगला डीसी खटका घालून आम्हाला ते परवडेना. दोन वेळा कोटेशन हरलो आणि नवीन संचाचं काम जवळजवळ सोडलं. आता आम्ही दुरुस्तीवाले. एका डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) खूप घरांचं सोलर चढलं की दुपारी व्होल्टेज वाढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. लोक म्हणतात, पासवर्ड टाकून इन्व्हर्टरची व्होल्टेजची मर्यादा वाढवून द्या. ते आम्ही करत नाही. आधी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची तार बघतो, ती बारीक असली तर निम्मं दुखणं तिथेच असतं. उरलं तर दिवसभराची मापं लिहून वीज कंपनीकडे अर्ज करून देतो. वेळ लागतो. ग्राहक चिडतात.

दुकानात एक जाड वही आहे. कोणत्या घरी काय पडलं, किती वाजता, बाहेर ऊन की पाऊस, मीटरवर किती. दोन पोट्टे कामाला आहेत, त्यांना पहिले तीन महिने फक्त ही वही लिहायला लावतो. कूलरचा धंदा अजून चालू आहे, तो सोडवत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रॅपिड शटडाऊनवाल्या सगळ्या घरी बायको फोन करते, ट्रान्समीटरचा दिवा लागलेला आहे का ते बघायला सांगते. पुरवठे बदलून झालेत, तरी करते. गुरुजींनी तर बोर्डावर जुन्या कॅलेंडरची पट्टी चिकटवून शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलंय: ‘हा कूलरचा. आता सोलरशी संबंध नाही.’