नुसता पॉइंटर का देत नाही?

आमच्याकडे नव्याने रुजू झालेले प्रोग्रामर पहिल्या एक-दोन महिन्यांत मला हमखास एक प्रश्न विचारतात: "सर, सी प्लस प्लसमधला ऑब्जेक्ट लुआच्या स्क्रिप्टला वापरू द्यायचा म्हणजे त्याचा पॉइंटर द्यायचा आणि चार फंक्शने नोंदवायची, एवढेच ना? मग एका क्लासच्या बाइंडिंगला तुम्ही आठवडा का लावता?" (पॉइंटर म्हणजे वस्तू मेमरीत कुठे आहे तो पत्ता, आणि बाइंडिंग म्हणजे एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेतून वापरता यावा म्हणून मध्ये लिहायचा जोडकोड.) प्रश्न रास्त आहे, कारण त्यातला फंक्शने नोंदवण्याचा भाग खरोखरच अर्ध्या तासाचा आहे. उरलेला वेळ कुठे जातो, हे प्रत्येकाला तोंडी सांगत आलो. आता एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी सोपा भाग. लुआ ही भाषा १९९३ साली रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रॉबर्टो येरुसालिम्स्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी घडवली, आणि दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहून त्याला वळण देता यावे याच हेतूने तिची बांधणी झाली आहे. सी आणि लुआ एकमेकांच्या मूल्यांना थेट हात लावत नाहीत. त्यांच्यामध्ये एक स्टॅक, म्हणजे मूल्ये एकावर एक ठेवण्याची सामाईक जागा, असतो. स्क्रिप्टने आपले फंक्शन बोलावले की आर्ग्युमेंट्स, म्हणजे फंक्शनला दिलेली मूल्ये, त्या स्टॅकवर १, २, ३ अशा क्रमाने येतात, आपण ती वाचतो, उत्तरे त्याच स्टॅकवर ठेवतो आणि किती उत्तरे ठेवली तो आकडा परत करतो. ऑब्जेक्टवर मेथड, म्हणजे त्याची स्वतःची फंक्शने, चालाव्यात म्हणून त्याला एक मेटाटेबल (त्याने कसे वागायचे ते सांगणारा तक्ता) जोडायचे आणि मेथड शोधायच्या त्या कुठे, हे त्यात लिहायचे. एवढे केले की स्क्रिप्टमधून मेथड चालू लागते, आणि चालू लागली की काम झाले असे वाटते. मलाही तसेच वाटले होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका कारखान्यासाठी ओतीव सुटे भाग कॅमेऱ्याने तपासणारी प्रणाली लिहिली. कॅमेऱ्याकडून येणाऱ्या प्रतिमांसाठी मी मेमरीत चार बफर, म्हणजे एकेका प्रतिमेपुरत्या जागा, राखून ठेवले होते आणि ते आळीपाळीने भरले जात: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा पहिला. भाग पास की नापास, हा नियम मात्र तिथल्या इंजिनिअरला स्वतः बदलता यावा म्हणून लुआमध्ये ठेवला होता. प्रत्येक भागामागे स्क्रिप्टमधले एक फंक्शन बोलावले जाई आणि त्याला त्या भागाची फ्रेम, म्हणजे प्रतिमा, मिळे. ही फ्रेम म्हणजे मी दिलेला लाइट युझरडेटा, अर्थात बफरचा निव्वळ पत्ता. सहा महिने कसलीही तक्रार आली नाही.

मग त्या इंजिनिअरला एक चांगली कल्पना सुचली. पाळी सुरू होताना एक निर्दोष भाग कॅमेऱ्याखाली ठेवायचा, त्याची फ्रेम 'नमुना' नावाच्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायची आणि दिवसभर येणारा प्रत्येक भाग त्या नमुन्याशी ताडून पाहायचा. त्याने लिहिलेल्या पाच ओळींत काडीचीही चूक नव्हती. तरीही आठवडाभरात, मधले छिद्रच पाडलेले नाही असा भाग पास होऊन पुढे गेला. तो पुढच्या टेबलावरच्या माणसाच्या नजरेला पडला, यंत्राच्या नाही.

मी लॉग उघडला तेव्हा फरकाचा आकडा ओळीओळीने दिसत होता, आणि दर चौथ्या ओळीत तो शून्य होता. जवळपास शून्य नव्हे, अगदी शून्य. खऱ्या कॅमेऱ्याने एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा लागोपाठ घेतल्या तरी त्यांच्यात थोडा गोंगाट राहतोच, त्यामुळे निखळ शून्य येण्याचा अर्थ एकच होता: यंत्र त्या भागाला त्याच्या स्वतःशीच ताडून पाहत होते. पत्ता तोच होता, बिऱ्हाड बदलले होते. सकाळचा नमुना ज्या बफरमध्ये होता, तो चार भागांनंतर नव्या प्रतिमेने भरला, आणि स्क्रिप्टने जपून ठेवलेल्या पत्त्यावर दर चौथ्या खेपेला तपासायचा भागच नमुना म्हणून बसलेला असे. मधल्या तीन खेपांना तुलना होई ती नुकत्याच येऊन गेलेल्या भागाशी. प्रोग्राम कोसळला असता तर पहिल्याच दिवशी कळले असते. तो शांतपणे चुकीचे उत्तर देत राहिला, आणि म्हणूनच ती चूक माझ्या मनातून गेलेली नाही.

चूक मेथडच्या कोडमध्ये नव्हती. मी वस्तू स्क्रिप्टच्या हाती दिली, पण ती किती वेळ वापरता येईल हे सांगितले नाही आणि मुदत संपल्यावर अडवलेही नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या जगात व्हेरिएबलमध्ये ठेवलेली गोष्ट तिथेच राहते. लुआची सगळी मूल्ये तशी वागतात आणि माझ्या वस्तूनेही तसेच वागावे ही त्याची अपेक्षा योग्यच होती. बाइंडिंगच्या आठवड्यातला मोठा भाग या एका गोष्टीचा निकाल लावण्यात जातो: वस्तूची मालकी कोणाकडे, आणि मालकाने ती मोडीत काढली तर दुसऱ्या बाजूला ते कसे कळणार.

आता आम्ही फ्रेम देतो ती फुल युझरडेटा म्हणून. त्याची मेमरी लुआची असते, त्याला स्वतःचे मेटाटेबल असते, आणि प्रत्येक मेथड आपल्याला मिळालेली वस्तू खरोखर फ्रेमच आहे ना, हे आधी तपासते. लाइट युझरडेटामध्ये अशी तपासणी होऊ शकत नाही, कारण जगातल्या सर्व लाइट युझरडेटांना मिळून एकच मेटाटेबल असते आणि तिथे फ्रेमचा पत्ता व मोटरचा पत्ता सारखेच दिसतात. फ्रेमच्या या फुल युझरडेटामध्ये आम्ही पत्ता ठेवतच नाही. बफरचा क्रमांक आणि तो बफर कितव्यांदा भरला गेला तो आकडा ठेवतो. मेथड चालण्यापूर्वी तो आकडा बफरच्या सध्याच्या आकड्याशी जुळवला जातो, आणि जुळला नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबवली जाते. ज्याला फ्रेम खरोखरच जपून ठेवायची आहे त्याच्यासाठी 'प्रत' नावाची वेगळी मेथड आहे, आणि तिच्यातून मिळणारी वस्तू सर्वस्वी स्क्रिप्टच्या मालकीची असते.

इथे दुसरी अडचण उभी राहते, आणि ती पहिलीपेक्षा अधिक फसवी आहे. स्क्रिप्टच्या मालकीची वस्तू निरुपयोगी झाली की लुआचा गार्बेज कलेक्टर ती गोळा करतो आणि त्यावेळी मेटाटेबलमधली आवराआवरीची मेथड बोलावतो. तिथे आपण मूळ मेमरी मोकळी करतो. पण कलेक्टर फक्त लुआने स्वतः घेतलेली मेमरी मोजतो. १९२० गुणिले १०८० पिक्सेलची, दर पिक्सेलला तीन बाइटची प्रत ६२,२०,८०० बाइट खाते, तर लुआच्या हिशेबात तिची नोंद आत एक पॉइंटर असलेल्या छोट्याशा युझरडेटाची, म्हणजे काही मोजक्या बाइटची. नेहमीच्या मांडणीत कलेक्टर आपल्या हिशेबातली मेमरी साधारण दुप्पट झाल्यावर पुढची फेरी सुरू करतो. तोवर शंभर प्रती पडून राहिल्या तर साठ कोटींहून अधिक बाइट अडकतात आणि लुआला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे अवजड वस्तूला 'बंद करा' अशी उघड मेथड द्यावी लागते, तिने आतला पॉइंटर शून्य करावा लागतो म्हणजे नंतर कलेक्टर आला तरी तीच मेमरी दुसऱ्यांदा मोकळी होत नाही, आणि बाकीच्या सर्व मेथडनी ते शून्य ओळखावे लागते. २०२० साली आलेल्या ५.४ आवृत्तीत व्हेरिएबलची व्याप्ती संपताच अशी मेथड आपोआप चालवण्याची सोय झाली. मी तिचा मनापासून पुरस्कार करतो.

सी प्लस प्लसवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लुआ सी म्हणून कंपाइल केली असेल तर आर्ग्युमेंट चुकीचे निघताच तिचे तपासणी फंक्शन थेट उडी मारून बाहेर पडते, आणि वाटेतल्या स्थानिक ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर, म्हणजे त्यांची आवराआवरी करणारी फंक्शने, चालत नाहीत. म्हणून सगळी आर्ग्युमेंट्स आधी तपासावीत आणि मगच पहिली स्ट्रिंग किंवा व्हेक्टर तयार करावा. हा क्रम मोडलेला दिसला तर मी कोड परत पाठवतो, मग तो कितीही सुंदर लिहिलेला असो.

हे सगळे करणारी तयार साधने आहेत, मग हाताने का लिहायचे, असेही विचारले जाते. साधने जरूर वापरावीत, आम्हीही वापरतो. पण सी प्लस प्लसचा कोड पायथन भाषेला जोडून देणाऱ्या पायबाइंड११ या साधनाकडे पाहा. मेथड एखादा पॉइंटर परत करत असेल तर त्याचे पुढे काय करायचे याचे पर्याय तिथे मांडून ठेवलेले आहेत: मालकी घ्यायची, प्रत करायची, नुसता संदर्भ ठेवायचा, की ज्या ऑब्जेक्टच्या पोटातून तो आला त्यालाही सोबत जिवंत ठेवायचे. यातले कोणते खरे, हे साधनाला कळू शकत नाही, कारण ते मेथडच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे तिचे नाव, आर्ग्युमेंट्स आणि उत्तराचा प्रकार सांगणाऱ्या ओळीत, लिहिलेले नसते. ते कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि बऱ्याचदा तिथेही स्पष्ट नसते. माझा आठवडा जातो तो मूळ क्लास लिहिणाऱ्यासमोर बसून एकेका मेथडबद्दल ते विचारण्यात. अशा बैठकीत दोनदा तरी असे झाले आहे की विचारता विचारता त्या क्लासमध्येच जुनी चूक सापडली.

त्या कारखान्यात नवे बाइंडिंग बसवले तेव्हा मी इंजिनिअरची जुनी स्क्रिप्ट मुद्दाम तशीच चालवली. पाचव्या भागाला ती थांबली आणि पडद्यावर स्क्रिप्टचे नाव, ओळ १४ आणि 'ही फ्रेम आता वैध नाही, जपून ठेवायची असल्यास प्रत घ्या' असा संदेश आला. त्याने तो वाचला, नमुना घेण्याच्या ओळीत 'प्रत' जोडले आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. मला काही विचारण्याची त्याला गरजच पडली नाही.