मागीर उलयतां

माझा जन्म वास्कोचा. बाबा गवंडीकामासाठी कोल्हापूरकडच्या चंदगडहून आले आणि इथलेच झाले. तरी पणजीत कॉलेजला गेले, तर पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, "तुजो गांव खंयचो?" वास्को. "तसो न्हय गो, मुळचो?" चंदगड. "म्हणजे घाटी!" आणि हसली. घाटापलीकडून आलेल्यांना इथे असंच हिणवतात. वाईट मनानं नव्हे, म्हणून तर भांडताही येईना.

गोव्यात मराठीला कोणी हसत नाही हो. सकाळी घरोघर मराठी पेपर येतो, जत्रेला मराठी नाटक लागतं. हसतात ते माझ्या आईच्या मराठीला.

कोकणी मी लहानपणापासून बोलते. पण त्या दिवसापासून प्रत्येक वाक्य आधी मनात घोळवायला लागले. 'कितें'च्या जागी 'काय' निसटलं तर? वर्गात उत्तर यायचं, हात वर जायचा नाही. तोंडी परीक्षेच्या सकाळी पोटात मुरडा ठरलेला.

मग मानसशास्त्राच्या तासाला स्टील आणि अ‍ॅरनसन यांचा १९९५ चा अमेरिकेतला प्रयोग आला. 'ही तुमच्या बुद्धीची परीक्षा आहे' असं सांगितलं की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी घसरायची. तोच पेपर, पण तसं सांगितलं नाही, तर गोऱ्या मुलांशी असलेला फरक कमी व्हायचा. वहीत उतरवता उतरवता थांबले. तोंडी परीक्षेत माझंही निम्मं डोकं जिभेवर पहारा द्यायला बसलेलं असायचं.

मीही काही सोवळी नाही. कॅन्टीनसमोर रस्ता खणायला कानडी बोलणाऱ्या बायका आल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "आयल्यो घाटी!" सगळे हसले. मी जरा जास्तच मोठ्यानं हसले. त्यातल्या एकीनं वर बघितलं. तिच्या डोक्यावर जुन्या साडीची चुंबळ होती. आमच्या घरी दाराआड खिळ्याला तशीच एक लटकते. त्या रात्री झोप लागली नाही.

कदंबमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी बसमध्ये, आईचा फोन यायचा. "जेवलीस काय गे?" मी कोकणीत पुटपुटायचे, "मागीर उलयतां." नंतर बोलते. एकदा ती म्हणाली, "बसमधनं माझ्याशी परक्यासारखं बोलतीस." मी रेंजवर ढकललं.

परवा पुन्हा बसमध्ये फोन वाजला. शेजारी वर्गातलीच मुलगी. "जेवले गं आई, भात आणि हुमण," मी म्हटलं. आवाज बारीकच निघाला आणि डोळे त्या मुलीच्या चेहऱ्यावर. ती रील बघत होती.