तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मराठी ओळींचं काय झालं

‘श्राउडिंग द हेवन्स’ या चिनी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या पुढच्या भागांची मराठी सबटायटल्स कधी देणार, असं तुम्ही भेटाल तिथे विचारता. परवा तर लग्नाच्या पंगतीत. वेळ नाही, असं मी सांगत आले. ते खोटं होतं.

मालिका तुम्ही पाहिली आहे, म्हणून थाय पर्वत, नऊ ड्रॅगनांची प्रेतं, ती ओढतात ती काशाची शवपेटी, तिच्यात अडकून ताऱ्यांपलीकडे नेली गेलेली माणसं, हे परत सांगत नाही. माझं अडलं पहिल्याच दाराशी. पंचरंगी वेदीवर आकाशात अष्टकोनी आकृती उमटते आणि ताऱ्यांत वाट उघडते, त्याला मी ‘महाद्वार’ लिहिलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई तीन महिने पलंगावर होती, हा खटाटोप तिच्यासाठीच. ती म्हणाली, "महाद्वारातून माणूस आपणहून जातो गं. ह्यांना तर फरपटत नेलं. वेस म्हण." मी ऐकलं नाही. वेस मला गावठी वाटली. (आता नाही वाटत. बरं, थोडी वाटते.)

मग तो शिळेचा प्रसंग. तांबड्या मातीत शिळा, तिच्यावर दोन जुनी अक्षरं: यिंगहुओ. मंगळाचं हे प्राचीन चिनी नाव, लुकलुकून भ्रमात पाडणारा असा काहीसा अर्थ, आणि अशुभ. आपण कुठे येऊन पडलो हे पात्रांना त्यावरून उमगतं, सगळी भीती त्या उमगण्यात आहे. मूळ नाव ठेवावं तर मराठीत नुसता आवाज. ‘मंगळ’ लिहावं तर कोडंच संपलं. ‘भौम’ पत्रिकेतला. दोन रात्री जागून ‘अंगारक’ लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

ओळ पडद्यावर आली आणि पात्रांच्या आधी आईच ओरडली, "अय्या, मंगळ! आपली अंगारकी नाही का!" आणि खळखळून हसली. जन्मभर संकष्ट्या केलेली बाई, तिला कसलं कोडं?

मी म्हणाले, "कळत नसेल तर मध्ये बोलू नकोस, आई."

कळत नसेल तर! सगळ्यांत आधी तिलाच कळलं होतं.

पुढचे भाग तिने गुपचूप पाहिले. ना प्रश्न, ना हसणं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू उगाच जागू नकोस. मला चित्रं पुरतात."

एवढ्यावरून सोडलंस? असं तुम्ही म्हणाल. शब्द चुकला नव्हता, हे मी अजूनही म्हणते. ड्रॅगनला ‘नाग’ का म्हणू नये, यावरही भांडायला तयार आहे. चिनी बौद्ध भाषांतरकारांनी संस्कृत ‘नाग’साठी ड्रॅगनचाच शब्द वापरला होता. असे मुद्दे माझ्याकडे ढीगभर आहेत. आईची माफी मात्र मागितलेली नाही. तेव्हा ती औषधं घेऊन लवकर झोपायची, असं कारण मी स्वतःला देत होते. ती तर आता काठीशिवाय चालते.

काल तिने भाजी निवडताना विचारलं, "तो मुलगा आला का गं परत घरी?"

रात्री फाइल उघडली. ‘महाद्वार’ खोडून ‘वेस’ लिहिलं, तेही खोडलं. ‘अंगारक’ला हात लावला नाही.