उणे वीसमध्ये जुनी डिझेल गाडी: ताबोची सकाळ आणि काझाची सकाळ

जानेवारीत आमची २००३ची डिझेल गाडी घेऊन पुण्याहून हिमाचलमधल्या स्पितीला गेलो, हे घरच्यांना मान्य आहे, परत घेऊन आलो यावर मात्र अजून विश्वास बसत नाहीये. मी आणि दाजी, दोघंच. कुणी जुनी गाडी घेऊन थंडीत तिकडं जायचं म्हणत असेल तर आमच्या दोन सकाळी त्याच्या कामाला येतील म्हणून लिहितोय, देखावे वगैरे फोटोत बघा.

रस्त्याचं पटकन सांगतो. हिवाळ्यात 'कुंझुम ला' ही खिंड बंद असते त्यामुळे मनालीकडून काझाला जाता येत नाही, शिमल्याकडूनच जायचं: नारकंडा, रामपूर, टापरी, पोवारी, पूह, मग खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथून वर नाको, ताबो, काझा. शिमल्यापासून चारशेच्या वर किलोमीटर. जाताना दिल्ली आणि आजूबाजूचा पट्टा पूर्ण टाळला, दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचे तिथले नियम सारखे बदलत असतात, कोण झंझट मागे लावून घेणार. नाकोच्या पुढे मलिंग नाल्यावर सकाळी रस्त्यावरच काचेसारखा बर्फ असतो, तिथं दहाच्या आत पोचायचंच नाही आणि चाकांना लावायच्या चेन बरोबर ठेवायच्या.

गाडी म्हणजे मेकॅनिकल पंपवाली, ना कॉम्प्युटर ना कॉमन रेल (नवीन डिझेल गाड्यांतली कॉम्प्युटरवर चालणारी इंधनाची यंत्रणा). स्कॅनर लावायला जागाच नाही. दुखणं शोधायचं ते कानानं आणि नाकानं. निघायच्या आधी दोन गोष्टी बरोबर केल्या होत्या. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० काढून ५डब्ल्यू-४० घातलं (१५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २० ला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, म्हणजे १५ वालं तिथं अगदी काठावर). आणि कूलंट निम्मं निम्मं पाण्यात मिसळून भरलं, ते उणे ३५च्या आसपासपर्यंत गोठत नाही. इथं दाजी म्हणत होते की नुसतंच कूलंट ओतू, अजून भारी होईल. तसं नसतं! नुसतं ग्लायकॉल उणे १२-१३ लाच गोठतं, पाणी घातल्यावरच ते खाली जातं.

चूक केली ती डिझेलची. चंदीगडजवळ टाकी फुल केली आणि पोवारीला पंप समोर असताना, काटा अर्ध्याच्या जवळ आहे, काझाला भरू, म्हणून पुढं गेलो. आपल्याकडच्या साध्या डिझेलला मानकाप्रमाणे हिवाळ्यात फक्त ६ अंशापर्यंत फिल्टरमधून वाहायची हमी लागते, उन्हाळ्यात तर १८ अंश. प्रत्यक्षात ते जास्त थंडी सोसतं पण उणे १६ नाही सोसत. ताबोला आमची टाकी पाव भरलेली होती आणि ते सगळं मैदानातलंच डिझेल होतं.

ताबोची सकाळ. बॅटरी रात्री काढून खोलीत बुखारीजवळ, म्हणजे तिथल्या खोली तापवायच्या शेगडीजवळ, ठेवली होती (जवळ म्हणजे हातभर लांब, चिकटून नाही), त्यामुळे सेल्फ जोरात फिरला, गाडी लगेच सुरू झाली, आम्ही एकमेकांना टाळी दिली आणि अर्ध्या मिनिटात गचके देऊन बंद. परत सेल्फ मारला तर फिरतेय मस्त पण सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे. सुरू होऊन बंद पडली म्हणजे पंपात उरलेलं डिझेल जळालं आणि मागून नवीन आलं नाही. बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप दाबला तर दगड. हातपंप दाबून दाबून नुसता पोकळ लागला असता तर कुठून तरी एअर घेतेय असा अर्थ झाला असता, थंडीत रबरी पाइप आकसतात आणि क्लॅम्प ढिले पडतात, ते स्क्रू ड्रायव्हरनं आवळायचे. पण आमचा घट्ट होता, म्हणजे फिल्टर चोंदलाय.

डिझेल बर्फासारखं गोठत नाही हो, थिजतं. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली बघा, आधी खाली पांढरट ढग येतो मग सगळंच घट्ट. तसंच हे, त्यातलं मेण वेगळं होतं आणि फिल्टरच्या कागदावर बसतं. फिल्टर खोलला तर तळाशी अगदी तूप. नवीन फिल्टर बरोबर होता तो बसवला, त्याला आणि पाइपला गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळली, दर पाच मिनिटांनी बदलली, आणि टाकीवर ऊन येईपर्यंत थांबलो. एअर काढली, साडेदहाला गाडी सुरू. उकळतं पाणी थेट ओतू नका, आणि समोरच्या काचेवर तर मुळीच नाही, तडकते. गाडी संध्याकाळीच अशी लावायची की सकाळचं पहिलं ऊन इंजिनावर येईल, आम्ही नेमकी भिंतीच्या सावलीत लावली होती.

काझाला पोचल्या पोचल्या पंपावर गेलो आणि टाकी फुल केली. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ ला न थिजणारं डिझेल लडाखसाठी काढलं होतं, असं हिवाळ्याचं डिझेल आलंय का हे अशा भागातल्या प्रत्येक पंपावर तोंडानं विचारायचं, संकोच करायचा नाही. भरल्यावर वीस मिनिटं गाडी फिरवा म्हणजे ते पाइपात आणि फिल्टरमध्ये पोचेल. रॉकेल मिसळायचा सल्ला तिथं भरपूर मिळेल. आम्ही नाही मिसळलं, आणि कॉमन रेल गाडीत तर विचारसुद्धा करू नका, पंपाचं वंगण जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उणे २२. सेल्फ फिरतोय, गाडी काही घेत नाही. होमस्टेच्या अंगणात चार जण जमले आणि चौघांचं एकच निदान, "डीज़ल जम गया है जी." माझंही तेच. तासभर फडकी गुंडाळली, एकानं टाकीखाली शेकोटी करायची तयारी केली, त्याला हात जोडून थांबवलं. तेवढ्यात मागं उभे असलेले दाजी खोकत खोकत म्हणाले, "अरे, धूर बघ की मागं." पांढरा, दाट, डोळ्यात झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर. काल धूर नव्हता, आज ढगच्या ढग. म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. मी तासभर चुकीच्या जागी शेकत बसलो होतो.

पेटत नाही म्हणजे पहिला संशय हीटर प्लगवर (सुरू करायच्या आधी सिलिंडरमधली हवा तापवणारे प्लग). काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशही नाही, त्यात इंजिन बर्फासारखं, त्यामुळे दाबून दाबून हवा जेवढी तापायला हवी तेवढी तापतच नाही, तिथं प्लगशिवाय गत्यंतर नाही. चावी फिरवून कान दिला. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला, गेला, पण ताबोला रिलेची (प्लगना करंट सोडणारा स्विच) जी 'टक' ऐकू आली होती ती नाही. चारही प्लगना करंट देणाऱ्या पट्टीला टेस्ट लॅम्प लावला, दिवा लागला नाही. करंटच येत नव्हता. मग पट्टी काढून एकेक प्लग तपासला, लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या डोक्याला, दिवा लागला तर प्लग जिवंत. चारातले दोन मेलेले. रिले गेला आणि वर दोन प्लग गेले!

काझात आमचे प्लग मिळाले नाहीत. पट्टी परत बसवली, जंपर केबलनं बॅटरीतून थेट पट्टीला बारा-पंधरा सेकंद करंट दिला, केबल काढली आणि लगेच सेल्फ. (हे फक्त १२ व्होल्टच्या जुन्या प्लगला चालतं, नवीन गाड्यांत कमी व्होल्टचे असतात ते जळतील. आणि प्लगवाल्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारू नका, भडका उडतो.) घरमालकांनी निखाऱ्यांची शेगडी आणून ऑइल पॅनखाली सरकवली, ज्वाळा नाही नुसते निखारे, आणि एक माणूस तिथून हलला नाही. तुम्हीही करा असं मी म्हणणार नाही, आम्ही केलं एवढं खरं. तिसऱ्या फेरीला दोन सिलिंडर पकडले, गाडी खोकली, थरथरली, मग बाकीचे दोन आले आणि अख्खं अंगण पांढरं झालं.

पुढचे दोन दिवस रोज हाच कार्यक्रम, फक्त पंधरा मिनिटांत. रात्री हँडब्रेक लावायचा नाही, ब्रेक शू चिकटतात, गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड.

बरोबर काय न्यायचं तर दोन फिल्टर, हीटर प्लगचा पूर्ण सेट, रिले, टेस्ट लॅम्प, जाड जंपर केबल, जुनी फडकी आणि मोठा थर्मास. यातलं प्लग आणि रिले सोडून सगळं आमच्याकडं होतं. कारण निघायच्या आधी मी आमच्या गॅरेजमध्ये म्हटलं होतं की प्लग तपासून घ्या, तर ते म्हणाले, पुण्यात हीटर प्लग लागतात कुणाला, गाडी एका सेल्फला सुरू होतेय की.

परतताना रामपूरला चारही प्लग आणि रिले बदलून घेतले. तिथल्या मिस्त्रीनं मेलेले दोन प्लग हातात ठेवले, एकाचं टोक जळून पेन्सिलीसारखं झालेलं. दाजींनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात घातले. पुण्यात पोचल्यावर घरी जायच्या आधी आम्ही गॅरेजला गेलो.