बुंध्याशी वाकून बघा

भर दुपारी नर्सरीत गिऱ्हाईक नसतं, माळीही जरा निवांत असतो. पाम घ्यायला तीच वेळ बरी. झुपक्याचा कुठलाही पाम दाखवून नाव विचारा, उत्तर ठरलेलं: "अरेका आहे साहेब." मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर, बँकेत, दाताच्या डॉक्टरांकडे, सगळीकडे अरेकाच!

खरा अरेका मूळचा मादागास्करचा. देठ पिवळसर, त्यांवर बारीक काळे ठिपके. या ठिपक्यांना रोग समजून बुरशीनाशक फवारणारे पुष्कळ आहेत. बाटली खाली ठेवा, ते ठिपके त्याचे उपजतच असतात. देठ हिरवे आणि पात्यांची टोकं उंदराने कुरतडल्यासारखी असली, तर तो मॅकआर्थर. फिशटेल पात्यांच्या तिरक्या त्रिकोणांवरून लांबूनही ओळखू येतो. कोकणातला भेरली माड त्याच्याच कुळातला, पण तो एकखोडी, हा फुटवे काढणारा. याची फळं मात्र हातात चुरडू नका. अळूला जी खाज असते तीच यालाही, आणि चांगली सणसणीत. याचं खोड वरून खाली फुलत येतं आणि फुलोरा संपला की मरतं. लोक घाबरून अख्खी कुंडीच टाकून देतात. तेवढंच खोड कापायचं, बाकीचे फुटवे चालू राहतात. पंख्यासारखं पान आणि खोडाभोवती काळपट तंतूंची जाळी म्हणजे ऱ्हापिस. सावलीत ठेवायचा तर माझं मत डोळे झाकून त्याला. लाल खोडाच्या लिपस्टिक पामवर जीव जडला असेल तर कोकणात किंवा गोव्यात राहा. नाशिकच्या थंडीत तो कुढतो.

पानं बघून झाली की बुंध्याशी वाकायचं. खरी मेख तिथे आहे. खरा फुटवा आईच्या खोडाला चिकटून, थोडा बाक घेऊन बाहेर येतो. सगळ्या काड्या मातीतून सुट्या आणि सरळ आल्या असतील, तर ती एका पिशवीत दाटीवाटीने लावलेली वेगवेगळी रोपं. पार्लर पाम तर फुटवे काढतच नाही, तरी झुपका म्हणूनच विकला जातो.

झुपका फोडायचा तर पाऊस स्थिरावल्यावर. फुटव्याला स्वतःची मुळं आहेत का ते माती उकरून बघा, मगच धारदार सुरी लावा. निम्मी पानं उतरवा, पहिल्याच खोलीवर लावा आणि सावलीत ठेवा. खोल पुरला की मुळं गुदमरतात. ऱ्हापिस हे सगळं सोसतो, अरेका बराच काळ रुसून बसतो.

टोकं तपकिरी होतात ती बहुधा बोअरच्या क्षारांमुळे. महिन्यातून एकदा तळातून भरपूर वाहील इतकं गोडं पाणी घालून क्षार धुवून काढा. जुन्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके दिसले तर पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडतंय. ती पानं लगेच कापू नका. झाड त्यांतूनच पालाश ओढून कोवळ्या पानांना देत असतं. ती गेली की पाळी वरच्या पानांची. 12 इंची कुंडीला लहान चमचाभर सल्फेट ऑफ पोटॅश, दोन-तीन महिन्यांतून एकदा, बास.

आणि छताला टेकला म्हणून शेंडा छाटायचा नाही. खोडाला वाढीचा डोळा एकच, तो गेला की ते खोड संपलं. उंच झालेलं खोडच बुंध्यातून काढा. झुपका एका बाजूने बोडका दिसेल. दिसू दे की, ती बाजू भिंतीकडे करायची.