आधी शेकायचा, मग पेटवायचा

रविवार, १४ डिसेंबर. रात्रीचे साडेदहा.

आज गच्चीवर दीड तास बसलो. त्यातला पाऊण तास सिगार ओढण्यात गेला, उरलेला तो पेटवण्यात.

पुतण्या शुक्रवारी बंगळूरहून आमच्या नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरला. माझ्यासाठी ॲल्युमिनियमच्या नळीतला निकाराग्वाचा एक सिगार. "काका, लायटर मात्र आणता आला नाही." आपल्याकडे विमानात लायटर ना हातातल्या बॅगेत चालतो, ना सामानात. काडेपेटीसुद्धा नाही. म्हणजे भेट आली, आग आपली आपण बघायची.

माझा स्वतःचा लायटर आता उरलेला नाही. २ ऑक्टोबर २००८ ला सार्वजनिक जागी धूम्रपानाची बंदी लागू झाली, त्याच महिन्यात मी सिगारेट सोडली आणि लायटर कुणाला तरी देऊन टाकला. आता वर्षाकाठी एखादा सिगार, तोही कुणी आणला तर. धूर छातीत घेत नाही, तोंडात घोळवून सोडतो. हिच्या मते हे म्हणजे चोर दाराने गेला आणि खिडकीने आला. तिचं काही चुकतंय असं नाही.

संध्याकाळी कॉलेज रोडच्या टपरीवर जेट लायटर बघितला. फुस्स करून निळी टोकदार ज्योत, वाऱ्याला अजिबात न जुमानणारी. पण मागच्या हिवाळ्यात मित्राच्या अशाच लायटरने मी सिगारचं टोक सरळ कोळसा केलं होतं. ती ज्योत हजार अंशांच्या वर जाते, हात दोन सेकंद जास्त थांबला की संपलं. निम्मा सिगार होईपर्यंत जिभेवर करपलेली चव होती. परत ठेवून दिला. साधा पिवळ्या ज्योतीचा गॅस लायटर घ्यायला हवा होता; त्यातल्या ब्युटेनला स्वतःची चव नसते. तेवढ्यात ओळखीचे एक सर समोरून आले आणि मी काडेपेटी घेऊन निघालो. दोन रुपये. डिसेंबर २०२१ पर्यंत ती एक रुपयाला मिळायची.

घरी आल्यावर बाकीचे पर्याय मनातल्या मनात बाद केले. दादांचा जुना पेट्रोलचा लायटर कपाटात आहे, पण त्याचा वास पानात बसतो आणि शेवटपर्यंत जात नाही. मेणबत्तीच्या मेणाचंही तेच. देवघरातलं निरांजन क्षणभर डोक्यात आलं, माझी मीच जीभ चावली. गॅसच्या शेगडीकडे नुसतं बघितलं तर ही म्हणाली, "आधी माझे पापड होऊ देत."

ती नागलीचे पापड भाजत होती. चिमट्यात पापड, ज्योतीपासून दोन बोटं वर, हात सतत फिरता. एका जागी थांबली नाही, ज्योतीला टेकवला नाही. पापडावर एकही काळा डाग नाही. सिगारचंही अगदी हेच आहे. त्याला पेटवायची घाई करायची नसते, आधी शेकायचा असतो. टोकाची कड सगळीकडून सारखी गरम झाली की आग आपोआप गोल धरते. नाहीतर एक बाजू भराभर जळत पुढे जाते आणि दुसरी बसते मागे.

आणि मग आजोबा आठवले. सिन्नरचे आमचे आजोबा, जिथे घरोघरी सुपं मांडीवर घेऊन बिड्या वळल्या जायच्या. पावसाळ्यात टेंभुर्णीचं पान सर्द व्हायचं. ते बिडी तोंडात धरण्याआधी काडीच्या ज्योतीवरून दोनदा फिरवायचे, मग ओठात. आम्हा पोरांना तो निव्वळ रुबाब वाटायचा.

गच्चीवर गेलो. नळीचं झाकण काढलं, धारदार सुरीने टोपीचा, म्हणजे ओठात धरायच्या बंद टोकाचा, जेमतेम दोन मिलिमीटरचा काप घेतला. गंगापूर धरणाच्या बाजूने गार वारा. पहिली काडी सिगारजवळ नेण्याआधी विझली. दुसरीही. काडीचा गुल पूर्ण जळून जाऊ द्यायचा, मगच ज्योत पुढे न्यायची, नाहीतर गंधकाचा भपका आधी पानात शिरतो. पण गुल जळेपर्यंत आपली आखूड काडी निम्मी संपते! दोन काड्या एकत्र धरून पाहिल्या, बोट भाजलं. सात काड्या गेल्या.

वैतागून नळी हातात घेतली तर आत लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. सिगार त्यातच गुंडाळलेला होता आणि मी वेष्टण समजून तो तसाच आत राहू दिला होता. पेन्सिल तासल्यासारखा वास. याला सीडर म्हणतात, पण देवदाराशी त्याचं काही नातं नाही. ते झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. उभ्या पट्ट्या फाडल्या. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसलो, काडीने पट्टी पेटवली आणि सिगार तिरका धरून ज्योतीच्या वर फिरवत राहिलो. ही ज्योत मऊ, सावकाश चढणारी, गंधकाचा लवलेश नाही. कड राखाडी झाली तेव्हा तोंडात धरला, फिरवत फिरवत चार हलके झुरके. मग टोकावर फुंकर मारून बघितलं. एका बाजूला काळी चंद्रकोर होती, तिथे पट्टी पुन्हा दाखवली. झालं. पहिल्या झुरक्यात भाजलेल्या शेंगदाण्याची आणि थोडी मिऱ्याची चव.

एवढ्यात निफाडच्या मित्राचा फोन. पारा उतरतोय, आज रात्री द्राक्षबागेत शेकोट्या करून धूर धरावा लागणार, काडीकचरा ओला आहे, पेटत नाही. मी म्हटलं, पेटवू नकोस, आधी शेक. त्याने शिवी दिली, बरोबरच दिली. त्याच्या वर्षभराच्या मालाचा प्रश्न आणि मी इथे चैन करतोय.

बोलण्याच्या नादात सिगार विझला. राख झटकली, आत साचलेला शिळा धूर उलटी फुंकर मारून बाहेर काढला. पट्ट्या संपल्या होत्या. या वेळी वारा पडला होता, साध्या काडीनेच पेटला, तीन काड्यांत.

आता खोलीत वास आहे म्हणून हिने दोन्ही खिडक्या सताड उघडल्यात आणि स्वतः दोन चादरी घेऊन झोपली आहे. मला एकच ठेवली.